टॉर्टिया, इंजेरा आणि कुसकुस: मुंबईच्या स्वयंपाकघरात मूळ पद्धतीने

परदेशातील एखादा पारंपरिक पदार्थ घरी करायचे ठरले की आपल्यापैकी बहुतेकजण आधी सामानाची यादी करतात, ती घेऊन वांद्रे किंवा लोअर परळच्या एखाद्या चकचकीत दुकानात जातात, आयात केलेल्या चार बाटल्या आणि दोन पाकिटे विकत घेतात आणि घरी येऊन पाकिटावरील सूचनेप्रमाणे पंधरा मिनिटांत पदार्थ उरकतात. जे तयार होते ते खाण्यासारखे असते. मात्र त्या पदार्थाला त्याच्या देशात ज्यामुळे चव आणि पोत मिळतो, ती गोष्ट पाकिटात येत नाही, कारण ती बहुधा वस्तू नसून क्रिया असते: मका चुन्यात शिजवणे, पीठ दोन-तीन दिवस आंबवणे, रवा हाताने वळून तीनदा वाफवणे. या क्रियांना लागणारे धान्य, भांडी आणि हवा मुंबईत पूर्वीपासून आहेत. म्हणून या लेखात सामानापेक्षा क्रियेवर भर दिला असून मेक्सिकोची टॉर्टिया (मक्याची पातळ पोळी), इथिओपियाचा इंजेरा (आंबवलेल्या पिठाचे जाळीदार धिरडे) व त्याबरोबरचा मिसिर वत (मसूर डाळीचा रस्सा), आणि मोरोक्कोचा कुसकुस (रव्याचे वाफवलेले कण) हे पदार्थ टप्प्याटप्प्याने सांगितले आहेत.

निवडीचा निकष साधा आहे. ज्या पदार्थाची चव धान्य, डाळ, मसाला आणि त्यांवरील प्रक्रिया यांतून येते, तो मुंबईत मूळच्या जवळ जाईल असा करता येतो. ज्याची चव एखाद्या खोऱ्यातील चीज, विशिष्ट जातीचे मांस किंवा थंड हवेतील भाजी यांवर अवलंबून असते, तो बदली सामान घालून करण्यात फारसा अर्थ नाही. आपल्या शहराला कोणताही पदार्थ आपलासा करण्याची मोठी हौस आहे, शेजवान डोसा हा त्याचा जिताजागता पुरावा आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण ती वाट वेगळी आणि ही वेगळी.

सामानाची जमवाजमव

या तिन्ही पदार्थांसाठी आयात मालाच्या दुकानात जाण्याची गरज नाही. सुक्या मिरच्या आणि खडा मसाला लालबागच्या मसाला बाजारात निवडून घेता येतो आणि तेथेच तो कुटूनही मिळतो. खजूर, केशर व सुका मेवा क्रॉफर्ड मार्केट किंवा मोहम्मद अली रोडच्या बाजूला चांगला मिळतो. बन्सी रवा माटुंग्याच्या दाक्षिणात्य दुकानांत किंवा दादर-गिरगावातील जुन्या वाणसामानाच्या दुकानांत मागून घ्यावा; न मिळाल्यास साधा जाड रवा चालतो. ज्वारी आणि नाचणी मात्र शक्य असेल तर धान्य आणून गिरणीतून दळून घ्यावी, कारण जुने पीठ कडवट लागते आणि आंबवल्यावर तो कडवटपणा अधिकच जाणवतो.

सुका मका घेताना एक काळजी अत्यावश्यक आहे. बियाण्याच्या दुकानातील मक्यावर कीटकनाशकाचा थर असतो आणि तो बहुधा गुलाबी किंवा लालसर रंगवलेला असतो. तो कोणत्याही परिस्थितीत खाण्यासाठी वापरू नये. धान्याच्या दुकानातून खाण्याचा, पूर्ण वाळलेला, जाड दाण्याचा मका घ्यावा. पांढरा मिळाला तर उत्तम, पिवळा मिळाला तरी चालेल. पॉपकॉर्नचा मका आणि स्वीट कॉर्न या कामाला उपयोगी नाहीत.

चुना हा यादीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचा जिन्नस आहे. पानपट्टीवर नुसता चुना मागितला की पानवाला आधी तंबाखू काढतो, त्यामुळे कशासाठी हवा आहे ते सांगणे सोयीचे पडते. चुना खाण्याचा, पांढराशुभ्र, कात किंवा सुगंध न मिसळलेला असावा. भिंतीला लावायचा चुना चालत नाही. लहान मुलांच्या हाती तो लागू देऊ नये, कारण डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते.

टॉर्टिया: मका चुन्यात का शिजवायचा

बाजारातील साध्या मक्याच्या पिठाची पातळ टॉर्टिया करून पाहिलेल्यांना ती तव्यावर टाकताना तुटते हे ठाऊक असेल. दोष हाताचा नसतो. मेक्सिकोत मका दळण्यापूर्वी चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवतात. या प्रक्रियेला तेथे निश्तामालिसासियोन म्हणतात आणि ती हजारो वर्षे जुनी आहे. चुन्याच्या अल्कलीमुळे दाण्यावरचे कडक साल सुटते, दाण्याच्या पेशीभित्तिका मऊ होतात आणि दळलेल्या ओल्या पिठाला, ज्याला तेथे मासा म्हणतात, चिकटपणा येतो. शिवाय मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व एरवी शरीराला मिळत नाही अशा बांधलेल्या रूपात असते, ते मोकळे होते.

या दुसऱ्या परिणामाचे महत्त्व युरोपला फार उशिरा कळले. मका अटलांटिक ओलांडून गेला, पण चुन्याची रीत त्याच्याबरोबर गेली नाही, आणि जेथे गरिबांचे पोट मुख्यत्वे मक्यावर भरत होते तेथे त्वचा सोलवटणारा, जुलाब आणि बुद्धिभ्रम घडवणारा पेलाग्रा हा आजार पसरला. स्पेनमधील वैद्य गास्पार कासाल यांनी १७३५ मध्ये त्याचे वर्णन नोंदवले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोसेफ गोल्डबर्गर यांनी हा आजार संसर्गाने नव्हे तर आहारातील उणिवेने होतो हे दाखवले, आणि १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेयेम यांच्या संशोधनातून त्यावरचा उपाय नायसिन असल्याचे स्पष्ट झाले. मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, त्या वारशाच्या मुळाशी हीच क्रिया आहे. म्हणून चुन्याचा टप्पा वगळून केलेल्या मक्याच्या पोळीला टॉर्टिया म्हणू नये असे माझे ठाम मत आहे.

आता कृती. पाव किलोचे दोन भाग, म्हणजे ५०० ग्रॅम सुका मका निवडून, धुऊन घ्यावा. दीड ते दोन लिटर पाण्यात ५ ग्रॅम कोरडा खाण्याचा चुना विरघळवावा. पानाचा ओला चुना वापरायचा असल्यास त्यात पाणी असल्याने सुमारे १० ग्रॅम घ्यावा. प्रमाण लक्षात ठेवण्याची सोय अशी की कोरडा चुना मक्याच्या वजनाच्या शंभरावा हिस्सा असतो. भांडे स्टेनलेस स्टीलचेच घ्यावे, कारण अॅल्युमिनियमवर चुन्याची क्रिया होते आणि भांडे व मका दोन्ही काळे पडतात. पाण्यात मका घालून मध्यम आचेवर उकळी आणावी, नंतर आच कमी करून तीस ते पंचेचाळीस मिनिटे मंद शिजू द्यावा. प्रेशर कुकरचा मोह टाळावा. मका मऊ शिजवायचा नसून त्याचे साल सोडवायचे आहे आणि कुकरमध्ये हा क्षण हातून निसटतो.

हा क्षण ओळखण्यासाठी अर्ध्या तासानंतर चमच्याने दोन दाणे बाहेर काढून थंड पाण्याखाली धरावेत. पिवळसर, बुळबुळीत साल अंगठ्याने चोळताच सुटले आणि दाणा दातांनी तोडल्यावर मध्यभागी कच्चा पांढरा ठिपका दिसला, की गॅस बंद करावा. साल सुटत नसेल तर आणखी दहा मिनिटे द्यावीत. ठिपका उरलाच नसेल तर मका जास्त शिजला आहे आणि पीठ चिकट होईल. असा मका रस्सा किंवा सूपसाठी वापरावा. भांडे झाकून मका त्याच पाण्यात आठ ते बारा तास ठेवावा, म्हणजे शनिवारी रात्री शिजवला तर रविवारी सकाळी दळता येतो. सकाळी पाणी ओतून दाणे दोन-तीन पाण्यांत चोळून धुवावेत. सगळे साल काढण्याचा हट्ट धरू नये. थोडे साल राहिले तर पिठाला बांधणी येते.

दळण्याच्या टप्प्यावर मुंबईकरांना एक फायदा आहे. मेक्सिकोत पूर्वी हे काम मेताते या दगडी पाट्यावर होत असे आणि आपल्याकडील इडलीचे दगडी वेट ग्राइंडर त्याच तत्त्वाने चालते. घरात ते नसेल तर माटुंगा, चेंबूर किंवा मुलुंडच्या एखाद्या तमिळ शेजाऱ्यांकडे नक्की असते आणि त्यांना घरी केलेली टॉर्टिया दिली की पुढच्या वेळी ग्राइंडर मागावा लागत नाही. मिक्सर वापरायचा असल्यास लहान भांड्यात मूठभर मका आणि एक-दोन चमचे पाणी घालून थांबत थांबत फिरवावा, कारण मिक्सर तापला तर पिठाची लवचीकता जाते. पाणी जास्त झाल्यास पीठ स्वच्छ फडक्यावर पसरून अर्धा तास ठेवावे.

मळलेल्या पिठाची लहान गोळी तळहातावर दाबून पाहावी. कडा फाटल्या तर हात ओला करून पुन्हा मळावे, आणि गोळी हाताला चिकटली तर पीठ ओले आहे. योग्य पीठ ओलसर पण न चिकटणारे असते. सुमारे ३० ग्रॅमच्या गोळ्या करून दुधाच्या पिशवीचे धुतलेले, कापून उघडलेले प्लास्टिक दोन बाजूंना ठेवून पुरीच्या यंत्रात दाबाव्यात. थापण्याची गरज नाही. थापलेली टॉर्टिया भाकरीसारखी मध्ये जाड आणि कडेला पातळ होते आणि ती एकसारखी फुगत नाही. लोखंडी तवा चांगला तापवावा. पहिली बाजू वीस-तीस सेकंद, दुसरी बाजू पाऊण ते एक मिनिट, मग पुन्हा पहिली बाजू खाली आणि कापडाने हलकेच दाबले की ती फुगते. तव्यावरून काढलेल्या टॉर्टिया जाड सुती रुमालात गुंडाळून ठेवाव्यात. ताजी टॉर्टिया तव्यावरून उतरवताच थोडी कोरडी लागते आणि रुमालातील वाफेने दहा मिनिटांत मऊ होते, हे ठाऊक नसल्यामुळे अनेकजण ती बिघडली असे समजतात. एवढ्या मक्याच्या पंचवीस-तीस टॉर्टिया होतात.

सोबतीला साल्सा, म्हणजे टोमॅटोची चटणी, पुरेशी आहे. चार टोमॅटो, दोन हिरव्या मिरच्या, न सोललेल्या चार पाकळ्या लसूण आणि अर्धा कांदा कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजावे, लसूण सोलून घ्यावा, मग सर्व खलबत्त्यात किंवा पाट्यावर मीठ घालून जाडसर वाटावे आणि वर कोथिंबीर व लिंबू घालावे. मिक्सरमध्ये केलेली साल्सा फेसाळते.

इंजेरा: पिठाने स्वतः सांगितलेली वेळ

इथिओपियात इंजेरा मुख्यतः तेफ या अतिशय बारीक दाण्याच्या धान्याचा करतात. मुंबईत तेफ सहज मिळत नाही, पण त्यामुळे थांबण्याचे कारण नाही, कारण इथिओपियाच्या अनेक भागांत ज्वारीचा आणि जवाचाही इंजेरा रोज खाल्ला जातो. ज्वारी आणि नाचणी ही दोन्ही धान्ये मुळात आफ्रिकेची असून तेथूनच प्राचीन काळी भारतात आली. नाचणी आणि तेफ तर गवतकुळातील एकाच उपकुळात मोडतात. म्हणजे ज्वारी-नाचणीचा इंजेरा करताना आपण बदली सामान वापरत नसून त्या प्रदेशाचेच धान्य वापरत असतो.

पहिल्या वेळेसाठी ज्वारीचे पीठ ३०० ग्रॅम, नाचणीचे १०० ग्रॅम आणि कणीक १०० ग्रॅम घ्यावी. कणकेमुळे बांधणी येते. हात बसल्यावर ती कमी करत जावी. त्यात सुमारे साडेतीन कप खोलीच्या तापमानाचे पाणी घालून गुठळ्या न ठेवता सरबरीत पीठ भिजवावे. इथिओपियन घरांत मागच्या खेपेच्या पिठावर साचलेले आंबट पाणी, ज्याला एर्शो म्हणतात, ते नव्या पिठात विरजण म्हणून घालतात. आपल्याकडे पहिल्या वेळी ते नसणार, म्हणून दोन मोठे चमचे चांगले आंबलेले डोशाचे पीठ घालावे.

पीठ मोठ्या भांड्यात, अर्धे भांडे रिकामे राहील असे, सैल झाकून ठेवावे. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर असून तेथील हवा थंड असते, त्यामुळे तेथे दोन-तीन दिवस लागतात. मुंबईच्या उष्ण, दमट हवेत एप्रिल-मेमध्ये चोवीस तासांतही पीठ तयार होते, पावसाळ्यात दीड दिवस आणि डिसेंबर-जानेवारीत दोन दिवस धरावेत. घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे: आधी बुडबुडे येतात, मग पीठ शांत होते, जड भाग खाली बसतो आणि वर पिवळसर-तपकिरी पाणी साचते. वास आंबट, ताकाच्या जवळचा असावा. गुलाबी, काळा किंवा केसाळ बुरशीचा डाग दिसल्यास वरचा थर काढून वापरण्याचा विचार करू नये, सगळे पीठ टाकून द्यावे. वरचे पाणी हलकेच ओतून काढावे आणि त्यातील वाटीभर पुढच्या वेळेसाठी बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवावे.

यापुढचा टप्पा बहुतेक संक्षिप्त कृतींत वगळलेला असतो आणि त्यामुळेच घरचा इंजेरा चिरफाळतो. त्याला अब्सित म्हणतात. दीड कप पाणी उकळावे, त्यात आंबलेल्या पिठातील अर्धा कप सतत ढवळत घालावे आणि दोन-तीन मिनिटांत ते गव्हाच्या चिकासारखे घट्ट, चकचकीत झाले की उतरवावे. ते कोमट झाल्यावर मूळ पिठात नीट मिसळावे. शिजलेल्या पिष्टामुळे ग्लूटेन नसलेल्या धान्यालाही ताण सहन करण्याची ताकद येते आणि आंबवण्याला नवे खाद्य मिळते. मिश्रण दोन ते चार तास ठेवले की ते पुन्हा वर येते आणि पृष्ठभागावर बुडबुडे फुटू लागतात. आता मीठ घालावे आणि गरज पडल्यास पाणी घालून डोशाच्या पिठापेक्षा पातळ करावे.

इंजेरा मूळचा मिताद या मोठ्या मातीच्या किंवा विजेच्या तव्यावर होतो. आपल्या दोन शेगड्यांच्या ओट्यावर घरातील सर्वांत मोठा नॉनस्टिक किंवा वापराने गुळगुळीत झालेला बिडाचा तवा घ्यावा. तवा मध्यम-तेज तापवून, तेल न लावता, कडेकडून सुरुवात करून मध्याकडे गोल फिरवत पीठ ओतावे. पळीने पसरवू नये. ओतल्यावर काही सेकंदांतच पृष्ठभागावर एक-एक करून बारीक छिद्रे उघडू लागतात, आधी कडेला आणि मग मध्ये. कच्च्या पिठाची ओली चमक छिद्रांच्या भोवती मावळत जाते आणि ती शेवटी मध्यभागी एका लहान डागाएवढी उरते. नेमक्या याच वेळी उंच झाकण ठेवावे, कारण आधी ठेवले तर छिद्रे बुजतात आणि उशीर झाला तर तळ करपतो. दीड-दोन मिनिटांत कडा तव्यापासून सुटतात. इंजेरा उलटायचा नसतो. तो एकाच बाजूने भाजतात आणि वरची बाजू वाफेवर शिजते. पातळ उलथन्याने उचलून कापडावर ठेवावा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय एकावर एक रचू नये, अन्यथा सगळे चिकटतात. छिद्रे कमी आली तर पीठ दाट आहे किंवा तवा थंड आहे. पहिले दोन इंजेरे बहुधा हे शिकवण्यातच खर्ची पडतात.

बर्बेरे आणि मिसिर वत

बर्बेरे हा इथिओपियाचा लाल मसाला वर्षभराचा करून ठेवण्याजोगा आहे. ब्याडगी मिरची ८० ग्रॅम आणि संकेश्वरी २० ग्रॅम बी काढून मंद भाजावी. धणे एक मोठा चमचा, मेथी, ओवा आणि काळी मिरी प्रत्येकी एक लहान चमचा, चार लवंगा, बोटभर दालचिनी हे वेगळे भाजावे. मूळ मसाल्यात कोरारिमा नावाची वेलची पडते. तिच्याऐवजी दोन मसाला वेलची आणि चार हिरव्या वेलचींचे दाणे घालावेत. दोन लहान चमचे सुंठ, चिमूटभर जायफळ आणि एक चमचा मीठ घालून बारीक कुटावे. मेथी करपू देऊ नये, कारण तिचा कडूपणा सगळ्या मसाल्यात उतरतो.

मिसिर वत म्हणजे मसूर डाळीचा घट्ट, लाल रस्सा. अर्धा किलो कांदा अतिशय बारीक चिरावा आणि जाड बुडाच्या भांड्यात, तेल-तूप न घालता, मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे परतावा. आपला हात इथे आपोआप तेलाच्या बरणीकडे जातो, तो आवरावा. कांदा तळाला धरू लागल्यास चमचाभर पाणी शिंपडावे. असा कोरडा शिजलेला कांदा पूर्ण विरघळतो आणि रश्श्याला तोच दाटपणा देतो. यानंतर चार मोठे चमचे तूप घालावे. इथिओपियात ते नितर किब्बे असते, म्हणजे कांदा, लसूण, आले, हळद, मेथी आणि वेलची घालून मंद कढवलेले आणि गाळलेले लोणी; घरच्या तुपात हेच जिन्नस घालून पंधरा मिनिटे मंद आचेवर ठेवून गाळले तरी काम भागते. मग दोन-तीन मोठे चमचे बर्बेरे घालून, अधूनमधून पाणी शिंपडत, तेल सुटेपर्यंत आठ-दहा मिनिटे शिजवावे. आले-लसूण वाटण एक मोठा चमचा, धुतलेली मसूर डाळ २५० ग्रॅम आणि चार कप गरम पाणी घालून अर्धा तास मंद शिजू द्यावे. डाळ मोडावी पण पातळ राहू नये. इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य करतात. त्या दिवशी हाच वत तुपाऐवजी तेलात होतो, त्यामुळे तो पूर्ण शाकाहारीच नव्हे तर दुधापासूनही मुक्त असतो.

मोठ्या ताटात इंजेरा पसरून त्यावर मधोमध वत वाढावा, बाजूला परतलेली कोबी-गाजर-बटाट्याची भाजी ठेवावी आणि सर्वांनी एकाच ताटात, इंजेराचे तुकडे तोडून खावे. आपल्या हाताने दुसऱ्याला घास भरवण्याची तेथील रीत गुर्शा या नावाने ओळखली जाते आणि ती मायेची व मानाची समजतात.

कुसकुस: मोदकपात्रातील तीन वाफा

पाकिटातील कुसकुस आधीच वाफवून वाळवलेला असतो आणि त्यावर उकळते पाणी ओतले की काम संपते. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया या देशांच्या कुसकुस-परंपरेची युनेस्कोने २०२० मध्ये जी नोंद केली ती मात्र हाताने वळण्याची आणि पुन्हा पुन्हा वाफवण्याची आहे.

परातीत ३०० ग्रॅम जाड बन्सी रवा घ्यावा. बन्सी हा कठीण, म्हणजे ड्युरम जातीचा गहू असून मूळ कुसकुसही याच जातीच्या गव्हाचा होतो. त्यावर मिठाचे पाणी शिंपडून, बोटे पसरून तळहात गोल फिरवावा. कण ओले झाले की बारीक रवा किंवा कणीक थोडी भुरभुरवावी आणि पुन्हा फिरवावे. असे सुमारे १५० ग्रॅम पीठ जिरेपर्यंत करत राहिल्यास बाजरीच्या दाण्याएवढे कण तयार होतात. पाणी ओतायचे नसते, शिंपडायचेच असते. ओतले की शिऱ्याचा गोळा होतो. चाळणीने बारीक पीठ खाली पाडून पुन्हा वळावे आणि मोठ्या गुठळ्या फोडाव्यात.

मोरोक्कोत कुसकुसिये हे दोन मजली भांडे वापरतात: खाली रस्सा उकळतो आणि वरच्या छिद्रांच्या भांड्यात कुसकुस त्याच वाफेवर शिजतो. आपले मोदकपात्र या कामाला अगदी योग्य आहे. चाळणीवर पातळ सुती कापड घालून, कणांना दोन चमचे तेल चोळून, दाबून न भरता सैल पसरावेत आणि वाफ वर आल्यापासून पंधरा-वीस मिनिटे ठेवावेत. मग परातीत ओतून, गुठळ्या मोडून, एक कप मिठाचे थंड पाणी थोडे थोडे शिंपडावे आणि दहा मिनिटे मुरू द्यावे. दुसरी वाफ पंधरा मिनिटांची, पुन्हा पाणी, आणि तिसऱ्या वाफेनंतर लोणी चोळून कुसकुस मोकळा करावा. प्रत्येक वाफेनंतर दाणा फुगलेला आणि तरीही सुटा असतो. घाईने एकाच वाफेत पाणी घातले तर तो लगदा होतो.

रश्श्यासाठी भिजवलेले काबुली चणे, कांदा, टोमॅटो, आले, मिरी, हळद आणि केशर घालून पाणी उकळावे. कडक भाज्या आधी, म्हणजे गाजर, सलगम आणि कोबी. मऊ भाज्या नंतर, म्हणजे लाल भोपळा आणि दुधी. शेवटी कोथिंबिरीची जुडी. लाल तिखट या रश्श्यात घालू नये, तिखटाची चटणी बाजूला द्यावी. मोरोक्कोत हे जेवण प्रामुख्याने शुक्रवारच्या दुपारच्या नमाजानंतर कुटुंबाने एकत्र बसून करण्याचे असते.

जेथे बदली सामान चालत नाही

निकषाच्या दुसऱ्या बाजूचे उदाहरण जपानचे. मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे वाटण, घालून केलेल्या सूपचा पाया दाशी हा रस्सा आहे. त्यातील कोम्बु या समुद्री शेवाळाच्या चवीचा शोध घेताना टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ग्लुटामेट वेगळे करून त्या चवीला उमामी हे नाव दिले. कोम्बुची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही, त्यामुळे तो विकत घ्यावाच लागतो. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम कोम्बु आणि चार-पाच सुके शिताके मशरूम रात्रभर फ्रीजमध्ये भिजवावेत, सकाळी मंद तापवून उकळी येण्यापूर्वी कोम्बु काढावा आणि मिसो गॅस बंद केल्यावरच विरघळवावा. मासे खाणाऱ्यांनी शिताकेऐवजी कात्सुओबुशी, म्हणजे धुरावर सुकवलेल्या माशाचे पातळ काप, घालावी. आपल्या सुकटीने ते काम होत नाही, कारण तिला समुद्राचा तीव्र वास असतो आणि तिकडच्या माशाला धुराचा.

वेळेचे नियोजन आणि उरलेले अन्न

तिन्ही पदार्थ एकाच दिवशी करू नयेत. रविवारी इंजेरा हवा असेल तर उन्हाळ्यात शनिवारी सकाळी आणि हिवाळ्यात शुक्रवारी सकाळी पीठ भिजवावे; बर्बेरे आणि तूप आधीच्या आठवड्यात करून ठेवावे. मक्याला एक रात्र पुरते. कुसकुसला रात्री चणे भिजवण्यापलीकडे आदली तयारी लागत नाही, पण एक पूर्ण मोकळी सकाळ लागते आणि ओट्यावर दुसरे काही मांडायला जागा राहत नाही.

मक्याचे मळलेले पीठ फ्रीजमध्ये दोन दिवसांपेक्षा अधिक ठेवू नये, ते आंबते. शिळ्या टॉर्टियाचे तुकडे तळून गरम साल्सामध्ये परतले की मेक्सिकोतील न्याहारीचा चिलाकिलेस होतो. उरलेला इंजेरा फाडून वतात कालवला की त्याचा फिरफिर होतो. कोरडा उरलेला कुसकुस थंड ताकात घालून मोरोक्कोत उन्हाळ्यात खातात. तो करताना त्यात रस्सा मिसळलेला नसावा, म्हणून वाढतानाच थोडा कुसकुस वेगळा काढून ठेवावा.